प्रार्थनेचा विषय

आमचे नवे पाळक नगरकडचे. वय तिशीच्या आत, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं पुस्तकातलं. तालुक्याच्या गावी आमचं लहानसं चर्च आहे, तीस-पस्तीस घरांची मंडळी. जानेफळहून आम्ही दोघं नवरा-बायको दर रविवारी एसटीनं जातो. उपासना संपली की हे पाळक दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेतात आणि सोडायच्या आत विचारतात, "या आठवड्यात प्रभूविषयी कोणाशी बोललात, ताई?"

पहिल्या रविवारी मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते असं सांगितलं. तिसऱ्या रविवारी मला रागच आला. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, तीन वर्षांनी बदली होऊन निघून जाणार. ज्या गल्लीत मी तीस वर्षं काढली तिथं कोणाशी काय बोलायचं ते हा मला शिकवणार? परतीच्या एसटीत मी नवऱ्याजवळ खूप तोंडसुख घेतलं. नवरा निवृत्त मास्तर, खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात." मग मी त्याच्याशीही घरी पोचेपर्यंत बोलले नाही.

राग आला, कारण विचारणाऱ्याचं खरं होतं. तीस वर्षांत मी कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. नाताळात चौदा घरी करंज्या-चिवड्याची ताटं जातात, तेवढीच माझी सुवार्ता. कोणी सहज विचारलं की तुमच्यात काय करता, तर मी म्हणायची, "आमच्यात पण असंच, थोडंफार वेगळं." आणि विषय भाजीच्या भावावर नेऊन सोडायची. भीती होतीच. आजकाल एखाद्याच्या तापासाठी प्रार्थना करते म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी दारात कोणी येऊन काय चालू आहे तुमचं असं विचारायचा. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. ज्या गोष्टीवर माझं सगळं घर उभं आहे ती बोलायला गेले की माझी जीभ टाळूला चिकटायची. इतर वेळी हीच जीभ गल्लीत सगळ्यांत तिखट म्हणून प्रसिद्ध आहे.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, पिको, फॉल. दुपारी मशीनजवळ एक-दोघी येऊन बसतातच. त्यांतली रोजची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण. तिच्या घरचं दोन एकर भाजीचं वावर आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. ती मला वहिनी म्हणते, मी तिला ताई. माझ्या सासूच्या काळी तिच्या सासूच्या घरात आम्हाला ओट्याच्या पुढं जाता येत नव्हतं. आता उन्हाळ्यात कुरड्यांचा चीक शिजला की ती भिंतीवरून मलाच हाक मारते, कारण सोऱ्या दाबायला माझ्यासारखा हात गल्लीत कोणाचा नाही. हे तिचंच म्हणणं. तिच्या मुलीनं बी.एस्सी. केलंय, तालुक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मला मावशी म्हणते. मला व्हॉट्सॲप शिकवलं ते तिनंच.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दोघी तिच्या स्लॅबवर जुनी लुगडी पसरून कुरड्या घालत होतो. ती पातेल्यातून चीक काढून देत होती आणि मी सोऱ्या दाबत होते. मध्येच तिचा हात थांबला.

"वहिनी, पोरीले बीबी गावचं स्थळ आलं हाये. पोराचं कृषी केंद्र हाये. पसंती झाली दोन्हीकून."

मी आनंदानं काहीतरी बोलले. तिनं जिन्याकडं पाहिलं, कोणी येत नाही याची खात्री केली.

"पन एक हाये. तिले दहावीत असतानी फिट आली होती. मंग दोनदा आली. अकोल्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाये. दोन वर्सं झाले, एकबी नाही आली. आता हे त्याईले सांगा लागन का नाही?"

"सांगावं तर लागेल, ताई."

"पोरगी बी तेच म्हनते. म्हनते मीच सांगीन पोराले, माह्या तोंडानं. साखरपुड्याच्या आधी. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येऊन राह्यले ते. तवरिक भिंतीले बी सांगू नोका. माह्या जाऊलेबी पुरं माहीत नाही."

पदरानं तिनं डोळे पुसले. चिकाचा हात डोळ्याला लागला तशी आणखी पुसत बसली. त्या क्षणी मला माहीत होतं की हीच ती वेळ. मी तिचा हात धरून म्हणायला पाहिजे होतं, ताई, मी तुमच्या लेकीसाठी प्रार्थना करते. आत्ता, इथंच करते. शब्द ओठांपर्यंत आले. मी सोऱ्या दाबला आणि म्हणाले, "होईल सगळं नीट. काळजी नका करू."

घरी आले तर एका जागी बसवेना. मशीन चालवायला घेतलं, दोरा तुटला. भाजी चिरायला घेतली, अर्धी तशीच ठेवली. आपण कसल्या ख्रिस्ती, असं स्वतःला म्हणत घरभर फिरत राहिले. शेवटी दुपारी मोबाईल घेतला आणि आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "प्रार्थनेचा विषय. माझ्या शेजारणीच्या मुलीला फिट येतात. बीबीचं चांगलं स्थळ आलं आहे. प्रभूने तिला पूर्ण बरं करावं आणि लग्नातला अडथळा दूर करावा."

आमच्यात ही पद्धतच आहे. कोणाचं ऑपरेशन असो, परीक्षा असो, नवऱ्याची दारू असो, विषय द्यायचा आणि सगळ्यांनी त्यासाठी मागायचं. त्यात वाईट काही नाही. दुखणं वाटून घ्यायची रीत आहे ती. नाव मी लिहिलं नव्हतं, म्हणून मी फार सांभाळून वागले असंही मला वाटलं. पण शेजारीण, मुलगी, फिट, बीबी. या जिल्ह्यात दर दुसरा माणूस तिसऱ्याचा सोयरा आहे, एवढ्यावर पोस्टमन घर शोधून देईल.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. त्या ग्रुपवर पाळकही आहेत. त्यांनी वाचावं असं मला वाटत होतं. बत्तीस बायांनी हात जोडून आमेन लिहिलं. पाळकांनी लिहिलं, "ताई, शेजाऱ्यांसाठी ही तळमळ हीच खरी साक्ष." त्या दिवशी जेवताना मी एक भाकर जास्त खाल्ली.

आठ दिवसांनी, ठरलेल्या रविवारच्या आधीच, बीबीहून फोन आला. सध्या थांबू म्हणाले. मध्यस्थानं मागून खरं सांगितलं. मुलीच्या आजाराचं त्यांना बाहेरून कळलं होतं. आजाराचं एवढं काही नाही, म्हणाले, पण तुम्ही लपवलं. एकदा लपवणाऱ्यांचं पुढं काय खरं?

लपवलं नव्हतं. पाच दिवसांनी ती मुलगी स्वतः सांगणार होती. काय बोलायचं ते तिनं वहीत लिहून काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

शेजारणीनं पहिला संशय घेतला तो जावेवर. दोघींचं विहिरीच्या पाण्यावरून आधीच बिनसलेलं होतं, आणि पोरीच्या गोळ्या-औषधाची अर्धीमुर्धी कुणकुण घरात फक्त जावेलाच होती. भर गल्लीत भांडण झालं. "माह्या पोरीच्या जल्माचं वाटोळं केलं तू," असं ही ओरडत होती. जाऊ छाती बडवून सांगत होती, "माह्या लेकराईची आन हाये, म्या तोंडातून शबुद नाही काढला." गळ्यात टेप अडकवलेली मी माझ्या दारात उभी होते. अजून मला नक्की काही माहीत नव्हतं. पण आत जाऊन मी ग्रुपवरचं माझं लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं.

रविवारी नक्की झालं. बीबीजवळच्या खेड्यातली एक अंगणवाडी सेविका आमच्या मंडळीत आहे. साधी, भोळी, देवाघरची बाई. उपासनेनंतर ती माझ्याकडं अक्षरशः धावत आली.

"ताई, तुमचा विषय वाचला ना मी! म्हटलं हे तं आपल्या ओळखीचंच घर. पोराच्या आईले भेटून आली. म्हटलं बाई, काळजी नोका करू. आमची सगळी मंडळी तुमच्या होनाऱ्या सुनेसाठी प्रार्थना करून राह्यली."

त्यांना माहीत असेल असंच तिनं धरलं होतं. तिचा चेहरा आनंदानं फुललेला होता. तिच्यावर कशी चिडू? पाळक दर रविवारी जे सांगत होते ते तिनं केलं होतं. परक्या घरी जाऊन, न घाबरता ती बोलली होती. मी फक्त "बरं" म्हणाले आणि एसटी चुकेल म्हणून निघाले.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. दिवसातून चार वेळा स्लॅबवर जायची आणि कशाला आले ते न आठवता खाली यायची. नवरा म्हणाला, "तुझ्या पायाला भिंगरी लागली का?" तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आता सांगून काय होणार? लग्न थोडंच जुळणार आहे? उलट आपलं या गल्लीत राहणं अवघड होईल. उगाच कोणी त्याला भलता रंग देईल." त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचं चुकत नाही याचाच मला जास्त त्रास होत होता.

पाळकांनाही सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "ताई, आपण या परिस्थितीसाठीही प्रार्थना करू. ग्रुपवर विषय टाकू का?"

"टाकाल तर याद राखा," मी म्हणाले. चर्चच्या आवारात, पाळकांना. माझा आवाज एवढा चढला की सायकल काढणारा एक म्हातारा वळून पाहू लागला.

पाळकांचा चेहरा लाल झाला. पोर आहे तो, मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बुटाकडं पाहत म्हणाला, "चुकलं माझं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊनच सांगा, ताई. मला दुसरं काही सुचत नाही." एवढ्या दिवसांत तो माझ्याशी पहिल्यांदा साधं काही बोलला.

तरीही मी गेले नाही. आज त्यांच्याकडं पाहुणे आहेत, उद्या बाजार आहे, परवा माझंच डोकं दुखतंय. मग एका दुपारी ती मुलगीच आली. मैत्रिणीच्या लग्नात घालायचा ब्लाउज होता. मी माप घेत होते, ती समोरच्या कॅलेंडरकडं पाहत उभी होती. एकदम म्हणाली, "मावशी, काकूनं असं कराले नव्हतं पाह्यजे. लहानपनी मले तिच्याजवळच झोप याची." आणि रडायला लागली. दंडाचं माप माझ्या हातात होतं. आकडा मी तीन वेळा वाचला, तरी वहीत चुकीचाच लिहिला.

ती गेल्यावर मी चप्पल न घालताच शेजारी गेले. शेजारीण ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी समोर बसले. जरा थांबले असते तर पुन्हा भाजीचा भाव विचारून उठले असते, म्हणून बसता बसताच बोलले.

"ताई, तुमच्या जावेनं नाही सांगितलं. मी सांगितलं."

तिचे हात चालूच होते. "कोनाले?"

"आमच्या मंडळीतल्या बायांना. मोबाईलवर. त्यांतल्या एकीनं बीबीला सांगितलं."

"काऊन?"

आणि तीस वर्षं जे टाळलं ते मला त्या ओसरीत बसून सांगावं लागलं. आमच्यात कसं असतं, आम्ही एकमेकींचं दुःख कसं देवापुढं नेतो, सगळ्यांनी मिळून मागितलं तर तो ऐकतो असं आम्ही का मानतो. माझा आजोबा कसा या वाटेला लागला तेही मध्येच सांगितलं, कशासाठी ते देव जाणे. बोलताना मला ऐकू येत होतं की हे सगळं खरं आहे, माझ्या जिवाचं आहे, आणि या वेळी ते नुसतं सबबीसारखं वाटतंय. "त्याला प्रार्थनेचा विषय म्हणतो आम्ही," मी शेवटी म्हणाले.

"माह्यी पोरगी विषय हाये?"



तिनं जुडी खाली ठेवली. "वहिनी, तुमच्या देवाले आमचं घर माहीत हाये का नाही?"

"आहे."

"पोरीचं दुखनं?"

"तेही माहीत आहे."

"मंग त्याले सांगाचं होतं ना. एवढ्या बायाईले काऊन सांगतलं?"

मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "घरी जा तुमी आता." संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन जावेच्या घराकडं जाताना दिसली. तिथं काय झालं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. पण चार दिवसांनी दोघी एकाच रिक्षातून बाजारातून उतरल्या.

माझ्याकडं मात्र ती येईना. मी वाट पाहत होते ती वेगळ्याच गोष्टीची. आज ना उद्या गल्लीत बोभाटा होईल, कोणी दारात उभं राहील, शिवायला टाकलेले कपडे बाया परत न्यायला येतील. दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून पाहायची. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कोणी आलं नाही. ब्लाउज येत राहिले. पलीकडच्या घरची म्हातारी पूर्वीसारखीच ओट्यावर येऊन माझ्या हातचा चहा पिऊन गेली. तेव्हा हळूहळू लक्षात आलं की शेजारणीनं जावेशिवाय कोणालाही काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजला नव्हता, आणि हिनं माझी एवढी मोठी चूक पोटात ठेवली होती. मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट रात्रीची भाकर ताटात तशीच राहायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभरानं, दुपारी मशीनवर असताना, ती दारात येऊन उभी राहिली. मी उठून सतरंजी टाकली. ती बसली नाही.

"अजून करता का प्रार्थना आमच्या पोरीसाठी?"

"करते."

"कोना कोनासंगं?"

"एकटीच. ग्रुपवरचं मी पुसून टाकलं. तो ग्रुपही सोडला."

"मले ऐकाची हाये," ती म्हणाली. "करा. आत्ता. मले बी समजू द्या, आमच्याबद्दल काय सांगता त्याले."

ती भक्तीनं म्हणत नव्हती. माल तोलताना काट्याकडं बघावं तसं बघत होती. तिचा माझ्यावर भरवसा उरला नव्हता, आणि माझ्या पाठीमागं तिच्या घराविषयी काय बोललं जातं ते तिला स्वतःच्या कानांनी तपासायचं होतं. तो तिचा हक्कच होता.

मी मशीन बंद केलं. हात जोडले, डोळे मिटले. चर्चमध्ये मी उभी राहिले की हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, असं सुरू होतं आणि पाच मिनिटं अडखळत नाही. त्या दिवशी त्यातला एकही शब्द आला नाही. लहानपणी माहेरी बोलायची तशीच बोलले.

"बापा, मी चुकले. या बाईनं मले विश्वासानं सांगतलं अन् मी ते बाहेर नेलं. जे पोरीनं तिच्या तोंडानं सांगाचं होतं ते मी तिच्या आधीच सांगून बसले. ते आता परत येत नाही. पोरीले सुखरूप ठेव. गोळीले गुण येऊ दे. तिले समजून घेईल असा माणूस दे, नाहीतर तिचं तिले हिमतीनं जगू दे. या ताईचा माझ्यावरचा राग जाऊ दे असं मी मागत नाही. तो राहू दे जितका राहायचा तितका. मले माझं तोंड सांभाळता येऊ दे. येशूच्या नावानं मागते."

आमेन मी एकटीच म्हणाले. डोळे उघडले तर ती माझ्याकडंच पाहत होती. तिनं डोळे मिटलेच नव्हते.

"झालं?"

"झालं."

"एवढंच रायते?"

"एवढंच."

ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही आला होता, तो तिच्या आवाजात ऐकू आला.

"मंग त्या दिवशी हेच काऊन नाही केलं, वहिनी? म्या कुठं नाही म्हनलं असतं."